स्टॅट म्हणजे उभ्याउभ्या

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एखाद्या औषधापुढे ‘स्टॅट’ लिहिलेलं असतं. इंग्रजीत रुळलेला हा शब्द मूळचा लॅटिन. ‘स्टाटिम’ म्हणजे लगेच, त्याचंच हे आखूड रूप. स्टाटिमचं नातं ‘उभं राहणे’ या अर्थाच्या धातूशी आहे. आपण मराठीत ‘उभ्याउभ्या काम उरकलं’ म्हणतो, तसंच काहीसं. आपल्या उर्दूतला ‘फौरन’ मात्र अरबीतून आला. त्याच्या मुळाशी उकळी फुटण्याचा अर्थ आहे. दूध उतू जाऊ लागल्यावर कोण थांबतं?

युरोपात वैद्यक कित्येक शतकं लॅटिनमध्ये शिकवलं जाई. म्हणून चिठ्ठीत त्या भाषेच्या खुणा राहिल्या आणि इंग्रजी वैद्यकाबरोबर त्या आपल्याकडे आल्या. औषधापुढचं ‘स्टॅट’ म्हणजे एक मात्रा आत्ताच द्या, आणि एकदाच. ते रोजचं औषध नव्हे.

बाकीच्या खुणाही घरातल्या सर्वांना ठाऊक हव्यात. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना. ओ.डी. म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर तीच अक्षरं उजव्या डोळ्यासाठीही वापरतात. एस.ओ.एस. पाहून लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की गरज पडली तरच घ्या. आम्हाला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. गुडघे दुखतात म्हणून दादी-नाना ही ‘गरजेपुरती’ गोळी महिनोन्‌महिने रोज घेतात. अशा काही वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडांना इजा होते.

रमजानमध्ये बी.डी.च्या गोळ्या सहरी आणि इफ्तारला विभागल्या जातात. काही औषधांना ते चालतं, काहींना नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा फिट्सचं औषध असेल तर रमजान लागण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावं. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीननेच दिली आहे.

चिठ्ठी सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावी, असा नियम 2016 साली डॉक्टरांसाठी झाला. तरीही अक्षर लागलं नाही तर अंदाजाने गोळी देऊ नका. औषधाच्या दुकानातच विचारा, आणि पाकिटावर ‘सकाळी एक, जेवणानंतर’ असं मराठीत किंवा उर्दूत लिहून घ्या. घरी अम्मीला वाचता येत नसेल तर सूर्य-चंद्राचं चित्र काढून द्या. हे काम शाळेत जाणारं पोरही करू शकतं.