डीफ्रॅगची मुदत

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर राहण्याच्या सोयीतून वाढलेल्या, आणि १ जुलै २०१७ रोजी ती जकात रद्द झाल्यावरही न ओसरता विस्तारतच गेलेल्या भिवंडीच्या गोदामांत ज्यांच्याकडे सर्व्हरचा कारभार आहे, ते आमचे वाचक वारंवार विचारतात की डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फाइली सलग लावण्याचे काम, किती दिवसांनी चालवावे. याचे उत्तर दिवसांत देणे आम्हांस अयोग्य वाटते.

एकाच व्यापाऱ्याचे तागे सलग थप्पीत न लावता जिथे कोपरा मोकळा दिसला तिथे ठेवले, तर गाडी भरताना माथाडी कामगारांचा वेळ उचलण्यापेक्षा येरझारांतच अधिक जातो, हे गोदामात वावरणाऱ्यास सांगावे लागत नाही. डिस्कचेही तसेच आहे : मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला अर्ध्या फेऱ्यास सुमारे ४.२ मिलिसेकंद आणि हेड हलविण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हजार ठिकाणी विखुरलेली फाइल वाचताना बारा-तेरा सेकंद निव्वळ हेलपाट्यांत खर्ची पडतात. एसएसडीत हेडच नसल्याने हे हेलपाटेही नाहीत. तिथे डीफ्रॅगने लेखनाची मर्यादित क्षमता तेवढी झिजते, म्हणून एसएसडीसाठी ट्रिमचीच, म्हणजे मोकळी झालेली जागा तिला कळविणाऱ्या आज्ञेचीच, तजवीज असावी.

विंडोज ७ मध्ये डीफ्रॅगची वेळ मुळात बुधवारी रात्री एकची नेमलेली होती, आणि रात्री कुलूप लागणाऱ्या कचेरीस ती सोयीचीच होती. परंतु दिवसा जड वाहनांवर निर्बंध असल्याने जिथे माल रात्रीच हलतो, चलने आणि ई-वे बिले मध्यरात्रीच निघतात, तिथे त्याच घटकेस डिस्क ढवळून काढणे म्हणजे भरत्या गाडीसमोर थप्प्या उतरविणे होय.

याहून गंभीर धोका बॅकअपचा आहे, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष आम्हांस फार अस्वस्थ करते. डीफ्रॅगने हलविलेला मजकूर, विशेषतः क्लस्टर १६ किलोबाइटहून लहान असता, डिस्कच्या जुन्या प्रती राखणाऱ्या विंडोजच्या शॅडो कॉपीला बदललेला भासू शकतो; राखीव जागा भरते आणि जुन्या प्रती कोणासही न विचारता नाहीशा होतात. ज्या दिवशी त्या हव्या असतात, त्याच दिवशी हे उघडकीस येते.

म्हणून आधी मोजणी करावी, पण आकड्याने दचकू नये. लिनक्सवरील एक्सएफएस या फाइल-व्यवस्थेचे मोजमाप दर फाइलीमागे सरासरी दहाच तुकडे असले तरी नव्वद टक्के विखंडन दाखविते, आणि ते तुकडे मोठे असतील तर त्यात चिंतेचे काहीच नसते. विखंडनाचे मूळ बहुधा जागेच्या तुटवड्यात किंवा फाइल चिमटीचिमटीने वाढविण्यात असते : एसक्यूएल सर्व्हरच्या २००५ ते २०१४ या आवृत्त्यांत डेटा फाइल, कोणी बदल न केल्यास, १ मेगाबाइटच्या टप्प्याने वाढत असे. तो टप्पा मोठा करावा, वर्षभराची जागा आधीच राखून ठेवावी. मग डीफ्रॅगची निकड बरीचशी उरतच नाही.

उरलीच, तर बॅकअप परत उतरवून त्याची खातरजमा करावी, आणि गाड्यांची वर्दळ नसलेली वेळ गोदामाच्या मुकादमास विचारून निश्चित करावी. डीफ्रॅगच्या आदल्या व नंतरच्या दिवशी मालसाठ्याच्या त्याच अहवालास किती वेळ लागला, ते नोंदवहीत लिहावे. तीन खेपांत फरक दिसला नाही, तर हे काम वेळापत्रकातून काढून टाकावे.