ताठ मानेची भीती

जोडीने नाचणे ही आपली संस्कृती नव्हे, हे वाक्य स्नेहसंमेलनाचा हंगाम आला की आमच्या वर्धा जिल्ह्यात दर वर्षी ऐकू येते. ते उच्चारणारे गृहस्थ बहुधा समितीवर असतात, आणि गांधी-विनोबांच्या नावाचा आधार घेतल्यावाचून त्यांचे भाषण संपत नाही.

या गृहस्थांना माझा एकच प्रश्न आहे: मग फुगडी म्हणजे काय? दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पावले जवळ आणतात, हातांची अढी घालतात आणि मागे रेलून गरगर फिरतात. त्या क्षणी एकटी कोणीच उभी नसते. हिचा तोल तिच्या हातात आणि तिचा हिच्या. एकीने हात ढिला सोडला की दोघी भुईवर! अंगाने जड असलेलीने थोडे कमी रेलावे आणि हलकीने अधिक, हे कोणत्याही पुस्तकावाचून मुलींना कळते. पंढरीच्या वाटेवर तर पुरुषही फुगडी घालतात, बायाही घालतात, आणि फुगडी संपली की वयाचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतात. तिथे संस्कृती बुडाल्याचे मी ऐकले नाही.

आता ज्या वॉल्ट्झच्या नावाने बोटे मोडली जातात, त्याचे शास्त्र पाहा. पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर, डाव्या हातात तिचा उजवा हात. दोघांचे कणे ताठ, खांदे सैल, कोपर उचललेले. नवशिका समजतो की जोडीदाराला हाताने ओढायचे. जाणता आधी आपल्या देहाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेतो आणि न हलणाऱ्या बाहूंतून ती हालचाल जोडीदाराला कळते. रुंबा, चाचाचा या लॅटिन प्रकारांत अंतर वाढते, पण नियम तोच. ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही, तो जोडीदाराला आधार देत नाही, ओझे देतो.

यात अश्लील ते काय? इंग्रजांनाही एकदा असाच कापरा भरला होता. 1816 साली लंडनच्या 'टाइम्स'ने वॉल्ट्झवर असाच कोरडा ओढला. पुढे तोच नाच इंग्रजी सभ्यतेचा दाखला ठरला. 1997 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नृत्यक्रीडेच्या जागतिक संघटनेला मान्यताही दिली.

मी बॉलरूमचा भाट नव्हे. त्या नाचात पुरुषाने वाट दाखवायची आणि स्त्रीने मागे जायचे, ही जुनी वाटणी मला रुचत नाही. फुगडीत पुढारी नाही. वेग दोघींचा, जबाबदारी दोघींची. या बाबतीत आमची फुगडी वॉल्ट्झच्या पुढे आहे. पण हा अभिमान बाळगायला आधी फुगडी शिल्लक राहिली पाहिजे ना! संस्कृतीचे हेच कैवारी सिनेमाच्या गाण्यावर चिमुरड्यांनी कंबर हलवली की टाळ्या पिटतात आणि फुगडीला गावंढळ म्हणून रंगमंचावर येऊ देत नाहीत.

खरी भीती हातात हात देण्याची नाहीच. भीती आहे ती ताठ मानेची. वर्गात मी रोज पाहतो. बारा वर्षांची होईपर्यंत वाऱ्यासारखी धावणारी मुलगी तेरावे लागताच खांदे आवळते, दप्तर छातीशी धरते, नजर जमिनीला लावते. 'मान खाली घालून चाल,' हे तिला घरी सांगितलेले असते. मुलाला कोणी काहीच सांगत नाही. म्हणून समोरच्याच्या हाताचा जोर ओळखून आपला जोर आवरणे त्याला कधी येत नाही. अशी दोघे उद्या संसार करणार!

1937 साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताला काम दिल्यावाचून बुद्धी फुलत नाही, हा विचार देशापुढे गेला. मग देहाला तोल शिकवल्यावाचून मन कसे तोल सांभाळील? गांधींचे नाव घेणाऱ्यांनी एवढे तरी उत्तर द्यावे.

माझे मागणे लहान आहे. आठवड्यातून एक तास मुलामुलींना नीट उभे राहायला, नीट चालायला आणि दुसऱ्याचा भार तोलायला शिकवा. त्याला फुगडी म्हणा, वॉल्ट्झ म्हणा, नाहीतर कवायत म्हणा. नावाशी माझे भांडण नाही; वाकलेल्या पाठींशी आहे.