‘तुमच्याकडचं काहीतरी म्हणा’

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की सतरंजी गुंडाळायच्या आत मी पाच-सहा पोरापोरींना घेऊन बसते. नाट्यशिक्षणाच्या प्रवेश परीक्षांची तयारी. कुणाला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात जायचंय, कुणाला दिल्लीला, तर एका पोराला नुसतं संगीत नाटकाच्या कोरसमध्ये उभं राहायचंय. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ताई, गाणं कोणतं म्हणू आणि स्वगत कोणतं करू?

हा प्रश्न आवडीनिवडीचा आहे असं आपल्याला शिकवलं जातं. ‘आवाजाला मानवेल ते गाणं घ्या, वयाला शोभेल ते पात्र घ्या.’ सल्ला चांगलाच आहे, मीही तोच देते. पण आपल्या घरातलं लेकरू त्या खोलीत शिरतं तेव्हा त्याच्या गाण्याला चालीबरोबर जातही चिकटलेली असते, आणि ते समोर बसलेल्या चार माणसांना पहिल्या ओळीत कळतं.

माझी गोष्ट आधी सांगते. माझे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. चौदा एप्रिल ते मे अखेर घरी नसायचेच. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून झील धरायला उभी राहिले. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या रात्री उघड्या मैदानात, कर्ण्यावरून, अडीच-तीन तास. माझा गळा तिथं तयार झाला. पण प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हा मला कुणीतरी सांगितलं की नाट्यगीतच म्हणायचं, दुसरं काही ते ऐकत नाहीत. मग तीन महिने कॅसेट उलटीपालटी करून मी एक पद घोटलं. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला माहीत नव्हता. ताना तर नुसत्या पाठ केल्या होत्या, पाढ्यासारख्या.

मुलाखतीत मी पद म्हटलं. दोन मिनिटांत थांबवलं. एका बाईंनी माझ्या ‘ण’वर बोट ठेवलं. मग मधले गृहस्थ हसून म्हणाले, ‘हे राहू द्या, तुमच्याकडचं काहीतरी म्हणा.’ मी भीमगीत म्हटलं. खरं सांगते, चांगलं म्हटलं. ते ऐकून झाल्यावर तेच गृहस्थ म्हणाले, ‘आवाज छान आहे हो, पण हे प्रचारगीत झालं. यात नाट्य कुठाय?’ यादीत माझं नाव आलं नाही. दुसऱ्या वर्षी दुसरीकडे आलं.

त्या एका वाक्यात दोन सापळे आहेत आणि आजही पोरं त्यातच अडकतात. पहिला सापळा: आमचं म्हणा, पण ते तुम्हाला कधीच नीट येणार नाही. दुसरा: तुमचं म्हणा, पण ती कला नव्हे. सवर्ण घरातल्या मुलीला कुणी ‘तुमच्याकडचं काहीतरी म्हणा’ असं सांगितल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. तिच्याकडचं म्हणजेच सगळ्यांचं, असं धरलेलंच असतं.

आता ‘यात नाट्य कुठाय’ याकडे बघू. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि तिथून मराठी संगीत नाटकाचा इतिहास सुरू होतो, असं आपण परीक्षेत लिहितो. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’, मग देवलांचं ‘शारदा’, खाडिलकरांचं ‘मानापमान’. या नाटकांची जुनी छापील पुस्तकं कुणी उघडली तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचा उल्लेख सापडतो. लावणीच्या चाली, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, कानडी मुलखातून आलेल्या चाली. म्हणजे घेतलेल्या चालीवर नवे शब्द बसवणं हे संगीत नाटकाच्या जन्मातच आहे. आणि भीमगीतावर पहिला आक्षेप कोणता? ‘ही तर सिनेमाच्या गाण्याची चाल!’ तिकडे घेतली तर परंपरा, इकडे घेतली तर नक्कल.

बरं, नाटक म्हणाल तर जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ १८५५ ला लिहिलं, ‘शाकुंतल’च्या पंचवीस वर्षं आधी. दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ते गेलं आणि तिथल्या भट सभासदांपुढे त्याचं काही चाललं नाही, हे जोतीरावांनीच ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवलंय. छापून यायला त्याला सव्वाशे वर्षं लागली. एका अर्थानं निवड समितीनं बाहेर ठेवलेलं आपलं पहिलं नाटक तेच. त्यातला जोशी आणि कुणबी जोडप्याची ती खेचाखेच, मधे बोलणारा विदूषक, हे उभं करायला नटाच्या अंगात जी लय लागते ती मला कुठल्याही ताना-पलट्यांपेक्षा अवघड वाटते. तेव्हापासून सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे. भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाचा सांगाडा उचलला आणि त्यातला देव बाहेर काढून माणूस आत बसवला. संवाद, गाणं, सोंगाड्याचा विनोद, सवाल-जवाब, मधेच गोष्ट थांबवून थेट प्रेक्षकाशी बोलणं. हे संगीत नाटक नाही तर काय आहे?

पण जलसा ‘लोककला’ या खणात टाकला जातो, आणि लोककला म्हटलं की लेखकाचं नाव पुसता येतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं एका स्पर्धेत अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड म्हटली, प्रमाणपत्रावर ‘लोकगीत’ म्हणून छापून आलं. अण्णा भाऊ १९६९ ला गेले, म्हणजे काही अनादी काळातले नव्हेत. महाराष्ट्राबाहेरही हेच. भिखारी ठाकुर १९७१ पर्यंत हयात होते, ‘बिदेसिया’ हे त्यांनी लिहिलेलं, गायलेलं, स्वतःच्या मंडळीसोबत गावोगाव खेळलेलं नाटक. पण नाभिक घरातल्या त्या नाटककाराचं नाव ‘पूर्वांचलची लोकपरंपरा’ या शब्दांमागे सहज दडतं. कालिदास लोकपरंपरा होत नाही.

म्हणून मी पोरांना पहिली गोष्ट सांगते: खोलीत गेल्यावर गाण्याचं नाव सांगायच्या आधी कवीचं नाव सांगा. ‘वामनदादा कर्डकांची रचना’ असं स्पष्ट म्हणा. लोकगीत म्हणू नका. समोरच्यानं वामनदादा ऐकले नसतील तर ती त्याची अडचण.

पण एवढ्यानं भागत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. भीमगीत मैदानासाठी बांधलेलं असतं. त्याला ढोलकी लागते, झीलकरी लागतात, समोर हजार माणसं लागतात जी धृपद उचलतात. तेच गाणं ट्यूबलाइटखाली, फरशीवर, वाद्याशिवाय, चार गंभीर चेहऱ्यांसमोर म्हटलं की ते पडतं. कवीचा दोष नाही, खोलीचा आहे, पण पडतं. त्यामुळे निवडताना मी जयजयकाराचं गाणं बाजूला काढते आणि ज्यात कुणीतरी कुणाला तरी काही सांगतंय असं गाणं शोधायला लावते. आई लेकराला सांगतेय, बायको नवऱ्याला खडसावतेय, गावात राहिलेला भाऊ शहरातल्या भावाला हिशेब विचारतोय. आपल्या शाहिरांकडे अशी ढीगभर गाणी आहेत, ती स्टेजवर कमी वाजतात कारण त्यांना शिट्टी पडत नाही. अशा गाण्यात पात्र आयतं मिळतं. धृपद एकदाच घ्यायचं, दुसऱ्या कडव्यात गोष्ट वळते तिथं पोचायचं, आणि तिथंच थांबायचं. पूर्ण गाणं कुणी ऐकत नाही.

आणि पट्टी स्वतःची. हे मी दर रविवारी ओरडून सांगते. रेकॉर्डमध्ये काळी पाच असेल म्हणून तुम्ही काळी पाचनं मरायचं नाही. गायन पार्टीतल्या पुरुषांच्या वरच्या पट्टीत गायची सवय लागलेल्या पोरी उगाच किंचाळतात. खाली या. बंद खोलीत हळू म्हटलेला शब्दसुद्धा ऐकू येतो, ही गोष्ट कर्ण्यावर वाढलेल्या आम्हा लोकांना उशिरा कळते.

स्वगताचा घोळ याहून मोठा. आपल्या पोरांना बहुतेक वेळा कुणीतरी सुचवतं: तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मधला अरुण आठवले कर ना, तुला शोभेल. १९८३ चं नाटक. समाजवादी ब्राह्मण घरातली मुलगी दलित कवीशी लग्न करते आणि तो तिला मारतो. लिहिलंय ताकदीनं, नटाला खायला भरपूर आहे, सगळं खरं. पण वीस वर्षांचा पोरगा त्या खोलीत अरुण करतो तेव्हा समोरचे लोक अभिनय बघत नसतात. त्यांना आधीपासून जे वाटत असतं ते सिद्ध झाल्यासारखे ते बघत असतात. हे आपल्याकडेच घडतं असं नाही. ‘पोर्गी अँड बेस’ हे १९३५ चं संगीत नाट्य गोऱ्यांनी लिहिलं आणि अमेरिकेत ते काळ्या कलाकारांनीच करावं अशी अट घातली. एकीकडे त्यातून किती काळ्या गायकांना काम मिळालं, आणि दुसरीकडे त्याच्या सिनेमातली भूमिका हॅरी बेलाफोंटेनं नाकारली. दोन्ही खरं. मी पोरांना सांगते, अरुण करायचा तर प्रवेश मिळाल्यावर, वर्गात, भांडत भांडत करा. दारात उभं असताना नको.

मग काय करायचं? प्रेमानंद गज्वींचं ‘घोटभर पाणी’ आहे, दत्ता भगतांचं ‘वाटा पळवाटा’ आहे, रुस्तुम अचलखांबांचं ‘कैफियत’ आहे. शहरातल्या दुकानांत ही पुस्तकं मागितली तर माणूस आत जाऊन रिकाम्या हातानं येतो, आम्ही झेरॉक्सवर भागवतो. पण एक अडचण इथंही आहे. दलित रंगभूमीच्या नाटकांत लांबलचक स्वगतं कमी. एकटा माणूस कोपऱ्यात उभा राहून स्वतःच्या आत्म्याशी बोलतोय, ही चैन आपल्या लेखकांना फारशी सुचली नाही, तिथं माणसं एकमेकांशी बोलतात, भांडतात. ‘घोटभर पाणी’ दोन माणसांवर चालतं. त्यामुळे दोघांचे संवाद जोडून एकाच्या तोंडी बसवावे लागतात, आणि ते नीट केलं नाही तर तुटक वाटतं. आत्मकथनांतून उतारे घेता येतात. ‘आयदान’ घेतलं तर उर्मिला पवारांची कोकणी ठसक्याची भाषा मराठवाड्याच्या पोरीच्या जिभेवर बसत नाही, हेही बघावं लागतं. आपलं आहे म्हणून आपल्याला येतंच असं नाही.

उलट, शिरवाडकरांचा बेलवलकर, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची बेणारे, ‘आषाढ़ का एक दिन’ची मल्लिका हे आपल्या पोरांनी का करू नये? जरूर करावं. माझी एक विद्यार्थिनी बेणारे अशी करते की अंगावर काटा येतो. दलित नटीनं फक्त दलित बाईच साकारायची, हा वेठबिगारीचाच प्रकार झाला.

हे सगळं छातीठोकपणे लिहितेय, पण एक कबुली द्यायची राहिलीय. चार वर्षांपूर्वी एक पोरगा माझ्याकडे होता. ढोलकीवर हात असा, आणि गळा असा की त्यानं तोंड उघडलं की विहाराबाहेरची माणसं आत डोकावायची. मी त्याला सांगितलं, रिस्क नको, नाट्यगीत घे. सहा महिने एका गुरुजींकडे धाडलं, फी मी भरली. तो निवडला गेला. आज चांगलं काम करतो, मला फोन करतो, मला आनंद आहे. पण गेल्या जयंतीला त्याला स्टेजवर बोलावलं तर म्हणाला, ‘ताई, ते आता जमत नाही, आवाज तिकडं जातच नाही.’ कुणी त्याला गाऊ नको म्हटलं नव्हतं. सल्ला माझाच होता.

म्हणून या वेळी मी अडलेय. मार्चात परीक्षा आहे. एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची, आवाज जाड, भरदार. तिला वामनदादाच म्हणायचेत. तिचे वडील भाजीचा गाडा लावतात, मागच्या रविवारी मुद्दाम भेटायला आले. चप्पल काढून दारातच उभे. म्हणाले, ‘ताई, फॉर्मवर आडनाव हाये, दाखला जोडलेला हाये. गाण्यातून अजून एकदा कशाला सांगायचं त्यांना?’ मला पटकन उत्तर देता आलं नाही. घाबरट बाप म्हणून त्यांना हसावं असं हे नाही. त्यांनी हिशेब केलाय आणि हिशेब बरोबर आहे.

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ ला आलं तेव्हा जालन्याकडच्या शेतकरी पोरांनी संभाजी भगतांच्या गाण्यांवर पुण्या-मुंबईची नाट्यगृहं भरवली. तिकीट काढून लोक आले. प्रेक्षकाला यात नाट्य कुठाय असा प्रश्न पडला नाही. तो प्रश्न फक्त दारावरच्या लोकांना पडतो. मग दारावरच्या लोकांनी निदान एवढं करावं: गाण्याला गुण कशाचे देता ते आधी छापा. सूर, लय, शब्द पोचवणं, पात्र, यांचे किती किती. नाट्यगीत सक्तीचं असेल तर तसं लिहा, नसेल तर ‘नाट्यगीत नाही का’ हा प्रश्न विचारू नका. आणि समितीत एक तरी माणूस असा बसवा ज्याला जलसा म्हणजे काय ते पुस्तकात न बघता माहीत आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांकडे हे मागणं काही फार नाही. विद्यार्थी संघटनांनी शिष्यवृत्तीच्या निवेदनात हा एक मुद्दा घालायला हरकत नाही. मी मसुदा लिहून देईन.

मुलीच्या वडिलांना मी शेवटी एवढंच म्हटलं की दोन्ही तयार करू, नाट्यगीतही आणि वामनदादाही, आधी कोणतं म्हणायचं ते तिनं खोलीत शिरताना ठरवावं. ते म्हणाले, ‘तुमी म्हणाल तसं.’ ती मागं उभी होती, ती म्हणाली, ‘ठरलंय माझं.’ येत्या रविवारी काळी तीनमध्ये म्हणून बघणार आहोत. माझे वडील ढोलकी घेऊन येतो म्हणालेत, मी त्यांना सांगितलंय, आणू नका, तिला बिनढोलकीचं म्हणायची सवय व्हायला पाहिजे. ते तरी येणारच.