दिसले तेवढेच घडले?

भांडणाचा निवाडा करायला आपल्याकडे दोन म्हणी अगदी हाताशी असतात. एक, ‘एका हाताने टाळी वाजत नाही.’ दुसरी, ‘आगीशिवाय धूर निघत नाही.’ पहिली म्हण मार खाणाऱ्याला निम्मा दोषी ठरवते. दुसरी, ज्याचे नाव कानावर आले त्याला पुरता दोषी ठरवते. सोय दोन्हींत एकच आहे. नेमके काय घडले याची चौकशी करण्याचे श्रम वाचतात. चाळीच्या जिन्यातल्या बाचाबाचीपुरते हे एक वेळ चालून जाते, कारण भांडणारे दोघेही आपल्या माहितीतले असतात आणि चार दिवसांत खरेखोटे कळतेच. पण भांडणारा जगप्रसिद्ध फुटबॉलपटू असेल, भांडण हजारो मैलांवर झाले असेल आणि आपण पाहिलेली असेल ती काही सेकंदांची फीत, तर?

हा प्रश्न आता परक्या देशातला राहिलेला नाही. इंग्लंडमधले फुटबॉलचे सामने आपल्या दिवाणखान्यात येऊन कितीतरी वर्षे झाली. लिव्हरपूलची लाल जर्सी घातलेली मुले पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली दिसतात. अशा घरात लाडक्या खेळाडूने कुणाला तरी मारल्याची बातमी येते, तेव्हा ती जेवणाच्या ताटावरच येते. मुलगा म्हणतो, ‘तो असे करणारच नाही.’ काका म्हणतात, ‘पैसा डोक्यात गेला की असेच व्हायचे.’ एक मत प्रेमापोटी आलेले, दुसरे रागापोटी. घडलेल्या घटनेशी त्या दोघांचाही फारसा संबंध नसतो. म्हणूनच, पुरती चौकशी होऊन निकाल लागलेले एक जुने प्रकरण उलगडून पाहावे, असे मला वाटते.

२८ डिसेंबर २००८ रोजी लिव्हरपूलने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर ५-१ असे हरवले. कर्णधार स्टीव्हन जेरार्डने दोन गोल केले. संघ त्या वेळी गुणतक्त्यात सर्वांत वर होता. त्या आनंदात जेरार्ड मित्रांबरोबर लिव्हरपूलच्या उत्तरेला असलेल्या साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावी एका बारमध्ये गेला. मध्यरात्र उलटून गेल्यावर कोणते गाणे लावायचे, यावरून तिथल्या एका गिऱ्हाइकाशी त्याची बोलाचाली झाली. बोलाचालीचे पर्यवसान मारामारीत झाले. त्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला जखमा झाल्या आणि पहाट होण्यापूर्वीच लिव्हरपूलचा कर्णधार पोलिसांच्या ताब्यात होता.

बारमधला कॅमेरा चालू होता. जेरार्डचे हात चालताना त्यात दिसत होते. आता आणखी काय हवे? खेळाडू श्रीमंत, वेळ रात्रीची, दारू प्यालेली, कारण क्षुल्लक आणि मार खाणारा साधा माणूस. गोष्ट इतकी रचल्यासारखी होती की, तिचा शेवट कुणीही सांगितला असता.

खटला २००९ च्या जुलैमध्ये लिव्हरपूलच्या क्राउन कोर्टात उभा राहिला. दुखापत केल्याचा आरोप त्यापूर्वीच मागे घेण्यात आला होता. सार्वजनिक ठिकाणी मारामारी केल्याचा आरोप तेवढा शिल्लक होता. जेरार्डबरोबरच्या इतर आरोपींनी आपापला गुन्हा कबूल केला. जेरार्डने गुन्हा नाकारला, पण ठोसे मारल्याचे मात्र नाकारले नाही. म्हणजे ‘मारले का?’ हा न्यायालयापुढचा प्रश्न नव्हताच. ‘मारताना त्याच्या मनात काय होते?’ हा होता. आणि मनात काय होते हे कोणत्याही कॅमेऱ्याला टिपता येत नाही.

जेरार्डचे म्हणणे असे होते की, समोरचा माणूस आपल्या अंगावर येत आहे आणि आता तो मारणार, असे त्या क्षणी वाटले. म्हणून हात उचलला. खरी गुंतागुंत याच्या पुढे आहे. जेरार्डच्याच एका मित्राने त्याआधी त्या माणसाच्या तोंडावर कोपर मारले होते. मित्राचा तो तडाखा जेरार्डच्या ध्यानात आला नाही आणि त्यानंतर आपल्या दिशेने आलेला माणूस त्याला हल्लेखोर वाटला, असे बचावपक्षाने मांडले. नंतर सर्व चित्रण पाहिल्यावर आपला समज चुकीचा होता, हे जेरार्डनेही मान्य केले.

येथे आपल्यातला कुणीही म्हणेल, ‘समज चुकीचा होता ना? मग झाला की गुन्हा!’ इंग्लंडचा कायदा तसे म्हणत नाही. स्वसंरक्षणाचा विचार तिथे आरोपीच्या जागी उभे राहून केला जातो. धोका आहे असे त्याला त्या क्षणी प्रामाणिकपणे वाटले का, हे आधी पाहतात. मग त्या समजुतीच्या मानाने वापरलेले बळ वाजवी होते का, हे तपासतात. आणि आरोपीचे म्हणणे टिकत नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावर असते. या कसोट्या लावून २४ जुलै २००९ रोजी ज्युरीने जेरार्डला एकमताने निर्दोष ठरवले. वरवर पाहणाऱ्याला जे प्रकरण उघड-उघड वाटले असते, ते सर्व पुरावा पाहिल्यावर तसे नव्हते, अशा अर्थाचे उद्गार न्यायाधीशांनी काढले.

एवढ्यावर थांबलो, तर ‘फितीवर विश्वास ठेवू नका’ असा सोपा बोध निघेल. तो खोटा आहे. याच गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पहिली पुरी होत नाही.

साउथपोर्टच्या घटनेच्या सुमारे एक वर्ष आधी, २७ डिसेंबर २००७ च्या पहाटे, खुद्द लिव्हरपूलच्या चर्च स्ट्रीटवर अशीच मारामारी झाली होती. मारणारा जोई बार्टन. त्या वेळी तो न्यूकॅसलकडून खेळत असे. जेरार्ड आणि बार्टन, दोघेही लिव्हरपूलला लागून असलेल्या ह्यूटन या कामगारवस्तीच्या उपनगरातले; दोघांच्या वयात दोन-सव्वादोन वर्षांचे अंतर. दोन्ही घटना नाताळनंतरच्या दिवसांतल्या, दोन्ही रात्रीच्या, दोन्ही कॅमेऱ्यात सापडलेल्या. बार्टनच्या फितीत तो एका माणसाला पुन्हा पुन्हा, सुमारे वीस ठोसे मारताना दिसत होता. एका कोवळ्या मुलाचे दातही त्याने तोडले होते. या खटल्यात बचावाला जागाच नव्हती. बार्टनने गुन्हा कबूल केला आणि २००८ च्या मे महिन्यात त्याला सहा महिन्यांची कैद झाली.

एकच शहर, एकच उपनगर, एकच धंदा, एकाच मोसमातली रात्र. आणि निकाल दोन टोकांचे. ‘हे फुटबॉलवाले सगळे असलेच’ म्हणणाऱ्याने बार्टनबद्दल बरोबर आणि जेरार्डबद्दल चूक ठरावे. ‘आमचा हिरो असे करणारच नाही’ म्हणणाऱ्याने जेरार्डबद्दल बरोबर आणि बार्टनबद्दल चूक ठरावे. दोघेही एकेकदा बरोबर ठरले ते योगायोगाने. बंद पडलेले घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते तसे. मागचापुढचा संदर्भ कळला की माणूस सुटतोच, असे मुळीच नाही. कधी तो त्याला अधिक खोल बुडवतो. पण तो कोणत्या दिशेने नेणार आहे, हे तो कळण्यापूर्वी सांगता येत नाही, इतकाच माझा मुद्दा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जेरार्डकडे पैसा होता, तो उत्तमातला उत्तम वकील लावू शकला, गरिबाचे काय? शिवाय लिव्हरपूलच्या न्यायालयात लिव्हरपूलच्याच कर्णधाराला दोषी कोण ठरवणार? दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. त्या शहरात एव्हर्टन नावाचा दुसरा क्लब आहे आणि लिव्हरपूलचा कर्णधार अडचणीत आलेला पाहून तिथे रडणारी माणसे फार नसावीत. पहिली शंका मात्र खरी आहे. पैशाने चांगला वकील मिळतो. पण यावरचा उपाय श्रीमंताला वाईट न्याय देणे हा कसा असेल? ज्या बारकाईने जेरार्डचे प्रकरण तपासले गेले, तीच बारकाई नाव-गाव नसलेल्या आरोपीच्या वाट्याला यावी, ही मागणी रास्त आहे. आपण घाईने मते देऊन ती मागणी पुढे नेत नाही. उलट, घाईची सवय एकदा लागली की तिचा पहिला बळी तोच नाव-गाव नसलेला माणूस होतो.

आणि घाईचा तोटा फक्त आरोपीलाच होतो, हाही एक भ्रम आहे. लीड्समधले प्रकरण त्यासाठी आठवावे. २००० च्या जानेवारीत तिथल्या एका नाइटक्लबच्या बाहेर आशियाई वंशाच्या एका विद्यार्थ्याला रस्त्यावर बेदम मारहाण झाली. त्याचा पाय मोडला, गालाचे हाड मोडले. लीड्स युनायटेडचे ली बोयर आणि जोनाथन वुडगेट हे दोन खेळाडू आरोपी झाले. हल शहरात २००१ च्या सुरुवातीला खटला चालला. एप्रिलमध्ये ज्युरी निकालाचा विचार करत असतानाच एका रविवारच्या वर्तमानपत्राने त्या विद्यार्थ्याच्या वडिलांची मुलाखत छापली. हा हल्ला वर्णद्वेषातून झाला, असा तिचा सूर होता. प्रत्यक्ष खटल्यात मात्र तसा आरोपच ठेवलेला नव्हता. बापाचे दुःख खरे होते. छापण्याची वेळ चुकीची होती. न्यायाधीशांनी ज्युरी बरखास्त केली आणि सारा खटला पहिल्यापासून चालवावा लागला.

याचा अर्थ काय झाला? ज्या मुलाने एकदा न्यायालयात उभे राहून त्या रात्रीची हकिकत सांगितली होती, त्याच्यावर ती पुन्हा सांगण्याची वेळ आली. निकालासाठी त्याला डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. अखेर वुडगेटच्या एका मित्राला सहा वर्षांची कैद झाली. वुडगेट मारामारीच्या आरोपात दोषी ठरला, त्याला १०० तासांची समाजसेवा सुनावण्यात आली. बोयर निर्दोष सुटला. वर्तमानपत्राच्या संपादकांना राजीनामा द्यावा लागला आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल पुढच्या वर्षी कंपनीला ७५ हजार पौंड दंड झाला. मार खाणाऱ्याची बाजू घेतो म्हणणाऱ्यांनीच मार खाणाऱ्याचा न्याय लांबवला. त्या वेळी निदान छापणारा एक होता आणि त्याला जाब विचारता आला. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. फीत पुढे पाठवणाऱ्या हजारोंपैकी कुणाला जाब विचारणार?

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. तिथे एखाद्या कर्मचाऱ्याची खातेनिहाय चौकशी लागली की पहिल्या दिवशी टेबलावर येते ते एक व्हाउचर आणि त्यावरची सही. सही कुणाची, याविषयी बहुधा वाद नसतोच. पण ती कोणाच्या हुकमावरून झाली, आधी कोणते कागद पुढे आले होते, त्या दिवशी काउंटरवर कोण होते, हे कळायला महिने लागतात. कधी सही करणारा चोर निघतो, कधी त्याला पुढे करणारा. तोवर बँक त्या माणसाला निलंबित करते, पण चोर म्हणत नाही. निलंबन ही शिक्षा नव्हे, हे नियमात स्पष्ट लिहिलेले असते. कँटीनमधल्या चहाला मात्र तो नियम लागू नसे!

मत राखून ठेवणे म्हणजे डोळेझाक करणे, असेही कुणी समजू नये. जेवढे कळले आहे, तेवढ्याबद्दल आपण जरूर बोलावे. निर्दोष सुटलेल्या जेरार्डबद्दलही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. देशातल्या एका मोठ्या संघाच्या कर्णधाराने मध्यरात्रीनंतर दारू पिऊन गाण्यावरून हुज्जत घालावी का? कसल्या मित्रांत बसावे? न्यायालयाने त्याला गुन्ह्यातून मुक्त केले. शहाणपणाचे प्रशस्तिपत्र त्याच्या हाती दिलेले नाही. आणि ज्याच्या चेहऱ्याला जखमा झाल्या, तो माणूस घरून भांडायला निघाला नव्हता. जेरार्डच्या सुटकेने त्याच्या जखमा खोट्या ठरल्या नाहीत. ‘हा निर्दोष आहे’ आणि ‘त्याच्यावर अन्याय झाला’ ही दोन्ही वाक्ये एकाच रात्रीबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात. आपल्या दोन्ही म्हणींत मात्र त्यांना जागा नाही.

घरातल्या मुलाने उद्या मोबाइल पुढे करून ‘बघा, याने मारले!’ असे म्हटले, तर आपण त्याला तीन साधे प्रश्न विचारायला शिकवू शकतो. फीत सुरू होण्यापूर्वी काय झाले? चौकटीच्या बाहेर कोण उभे होते? आणि मार बसलेला माणूस काय सांगतो? उत्तरे नसतील, तर ‘अजून माहीत नाही’ असे म्हणायलाही शिकवावे. आपल्या घरांत हे वाक्य फार कमी ऐकू येते. ते म्हणणारा बावळट समजला जातो आणि ठासून बोलणारा हुशार. हा हिशेब आपण मोठ्यांनी बदलला, तर मुले तो आपोआप बदलतील. मत बनवण्याचा आपला हक्क कुणी हिरावून घेत नाही. तो आज वापरला नाही, तर उद्याही शिल्लक राहतो. एकदा कुणावर मारलेला शिक्का मात्र दुसऱ्या दिवशी पुसू म्हटले तरी पुसत नाही.