मुंबई किती दूर?



परवा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं, 'भंडारा ते मुंबई : 900 किलोमीटर.' सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. एका मुलीनं मात्र हात वर केला. तिनं नकाशावर पट्टी ठेवली होती.

"गुरुजी, पट्टीनं तर पंधराच सेंटीमीटर येते. एका सेंटीमीटरचे पन्नास किलोमीटर, म्हणजे साडेसातशेच झाले ना? तुमचे नऊशे कुठून आले?"

खरं सांगू? "नीट मोज," असं म्हणणारच होतो मी. पण स्वतः पट्टी धरली, तर पंधराच सेंटीमीटर!

मग उलगडा झाला. माझे किलोमीटर रेल्वेचे होते. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनापासून नागपूर 62 आणि नागपूरपासून मुंबई 837. करा बेरीज. रेल्वे वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक अशी वळणं घेत, कसाऱ्याचा घाट उतरून जाते. तिनं मोजलं ते सरळ रेषेतलं अंतर. चूक तिची नव्हती. 'कोणत्या वाटेनं' हे लिहायला मीच विसरलो होतो.

विमान बहुतेक सरळ वाटेनं जातं. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सातशे किलोमीटरला थोडं कमी. जेट विमानाचा वेग ताशी 800 च्या आसपास. मग तासाच्या आत पोचायला हवं, नाही का? पण वेळापत्रकात साधारण दीड तास लिहिलेला असतो. कारण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं या वेळी विमान एवढं जोरात जात नाही. कधी उतरण्यासाठी रांगही असते!

आता आपल्या नागपूरची एक गंमत. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघत आणि मध्यरात्री नागपुरात भेटत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की आपापल्या शहरी परत. नागपूरच का? कारण ते देशाच्या मध्यावर!

यावर एक गणित घाला. नागपूरपासून मुंबई 700, दिल्ली 850, मद्रास 900, कलकत्ता 1000 किलोमीटर धरा. हिशेबासाठी वेग ताशी 250. सगळ्यांना रात्री बारा वाजता पोचायचंय. कलकत्त्याच्या विमानाला 4 तास लागतील, म्हणजे ते आठ वाजता निघालं पाहिजे. बाकीची तीन किती वाजता निघतील? आईबाबांनाही बसवा सोबत.

तास संपला, तरी ती मुलगी तिथंच उभी. तिचे बाबा मुंबईला बांधकामावर आहेत. हळूच म्हणाली, "गुरुजी, मंग माझे बाबा साडेसातशेवर हायेत का नऊशेवर?"

मी म्हटलं, "बेटा, येतील तेव्हा विदर्भ एक्सप्रेसनं येतील, रात्रभर प्रवास करून. म्हणून यायला नऊशे. पण आहेत मात्र साडेसातशेवरच."

तिनं वहीत दोन्ही आकडे लिहिले. साडेसातशेच्या खाली दोनदा रेघ मारली.

तुमचंही कुणी दूरगावी असेल, तर पट्टी घ्या आणि मोजा. आणि गुरुजींचा आकडा जुळला नाही, तर बिनधास्त विचारा!