पंधरा वर्षांची गाडी आणि नवा हप्ता

खासगी मोटारगाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आरसी बुकावर तशी तारीख छापलेली असते, पण ती वाचतो कोण? 2010-11 सालच्या ज्या गाड्या आपल्या वस्त्यांतून उभ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या हाताने घेतलेल्या, त्यांची ती तारीख आता आली आहे. पुन्हा पासिंग करून घेतले की पाच वर्षे वाढवून मिळतात. मात्र 1 एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा. पासिंगला नेण्यापूर्वी गॅरेजवाला जो आकडा सांगेल तो वेगळाच. त्यामुळे घराघरांत चर्चा सुरू आहे की जुनी विकावी आणि नवी घ्यावी. घ्यावी तर कोणती?

रविवारी फॉर्म भरून घ्यायला माणसे येतात, त्यांत हा विषय हमखास निघतो. गेल्या महिन्यात एका कारखान्यातील फिटर बांधव आले होते. घरी पाच माणसे, आईचे गुडघे दुखतात, मुलगी नर्सिंगला. वर्षातून दोन वेळा मराठवाड्यात गावी जायचे, एरवी दवाखाना, लग्नकार्य आणि बाजार. महिन्याला पाचशे किलोमीटर जेमतेम. मुलाचे म्हणणे, “पप्पा, छोटी गाडी आता कोणी घेत नाही, एसयूव्हीच घ्या.” मला त्या पोराचे हसू आले नाही. ज्या घरातला आजा पायी चालला आणि बाप सायकलवर गेला, त्या घराला दारातली गाडी उंच असावी असे वाटले तर त्यात गैर काय? पण त्या उंचीचे पैसे किती, हे बघायलाच हवे.

बाजारातल्या पुष्कळ छोट्या “एसयूव्ही” म्हणजे जीप नव्हेत. ज्या सांगाड्यावर हॅचबॅक उभी आहे, त्यावरच जरा उंच करून त्या बांधलेल्या असतात. मारुतीची फ्रॉन्क्स बलेनोवरून निघाली आहे, टाटाची पंच आणि अल्ट्रोझ यांचा सांगाडा एकच आहे, ह्युंदाईची एक्स्टर ग्रँड आय टेनच्या घरातली. सरकारही त्यांच्यात भेद करत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, मग तिच्या पाठीवर काहीही नाव असो. उंच गाडीत आईला वाकावे लागत नाही, हे खरे. तसे ते वॅगन आरसारख्या उभट हॅचबॅकमध्येही लागत नाही. तेव्हा आजीला शोरूममध्ये घेऊन जा आणि तिला चार वेळा बसवून-उतरवून पाहा. सेल्समनच्या तोंडच्या माहितीपेक्षा ती परीक्षा मोठी.

आता हिशेब. पेट्रोल सोयीसाठी 100 रुपये लिटर धरू. लिटरला 18 किलोमीटर देणारी गाडी पाचशे किलोमीटरला सुमारे 2,800 रुपये खाईल, 15 देणारी 3,300. फरक पाचशेचा. पण किमतीतला फरक तीन लाखांचा असेल आणि तो कर्जाने भरायचा असेल, तर दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी त्या तीन लाखांचाच हप्ता महिन्याला 6,374 रुपये होतो. मायलेजवर तासभर भांडणारी माणसे या आकड्याकडे बघतही नाहीत. त्यात शोरूमवाला म्हणतो, हप्ता जड वाटत असेल तर सात वर्षे करू. पाच लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर व्याज सुमारे 1 लाख 37 हजार, सात वर्षांत फेडले तर 1 लाख 97 हजार. म्हणजे हप्ता 10,600 वरून 8,300 झाला आणि साठ हजार रुपये गेले. नर्सिंगच्या फीसाठी धावपळ करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. “फ्लॅट” व्याज सांगत असतील तर जास्तच सावध राहा, त्यात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहते.

सीएनजीचेही तसेच. त्यासाठी नव्वद हजार जादा मोजले, किलोला 80 रुपये दर आणि 24 किलोमीटर धरले, तर पाचशे किलोमीटरमागे महिन्याला अकराशे वाचतात. नव्वद हजार वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षे. महिन्याला दीड हजार किलोमीटर धावणाऱ्याला तीच रक्कम सव्वादोन वर्षांत सुटेल, त्याने जरूर घ्यावी. आणि मागे सिलिंडर आला की गावी न्यायच्या पिशव्या मांडीवर, हेही ध्यानात ठेवावे.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅपची अपघात चाचणी सुरू झाली आहे. गाडीला किती तारे मिळाले, मोठ्यांसाठी किती आणि मुलांसाठी किती, हे विचारून घ्या. त्यापूर्वीच्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत टाटा पंचला 2021 साली मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले होते आणि एप्रिल 2023 मध्ये त्या वेळच्या वॅगन आरला एकच. या फरकासाठी थोडे जादा गेले तरी चालतील. सनरूफसाठी जाऊ नयेत. छत उघडून मुलाला उभे करायची हौस तर चालत्या गाडीत जीवघेणीच.

किंमत विचारताना ऑन रोड विचारा आणि प्रत्येक रक्कम कागदावर लिहून घ्या. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात रोड टॅक्स 11 टक्के, डिझेलला 13. थर्ड पार्टी विमा नव्या मोटारीला 1 सप्टेंबर 2018 पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे नाही. बाहेरचा दर काढून समोर ठेवला की त्यांचाही आकडा खाली येतो.

आमच्या फिटर बांधवांनी अजून निर्णय घेतलेला नाही. आधी जुनी गाडी विकायची आहे. गिऱ्हाईक शेजारच्या वस्तीतलेच, रोख पैसे देतो म्हणतो, नावावर नंतर करू म्हणतो. मी त्यांना फॉर्म 29 आणि 30 हातात दिले. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात सांगितले आहे. त्या प्रकरणात गाडी पुढे चार-चार हात फिरली होती, तरी जबाबदारी पहिल्याचीच धरली गेली. गिऱ्हाइकाला येत्या सोमवारी आरटीओत बोलावले आहे. तोवर किल्ली आमच्या बांधवांच्याच खिशात आहे.