वजनाचा ठपका ठेवण्याआधी

१९८० च्या दशकात मुंबई परिसरातल्या कोंबड्यांमध्ये एका विषाणूची साथ पसरली आणि हजारो कोंबड्या दगावल्या. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. शरद अजिंक्य या साथीचा अभ्यास करत होते. मेलेल्या कोंबड्या चिरून पाहिल्या तेव्हा त्यांचे यकृत आणि मूत्रपिंडे सुजलेली होती, थायमस ग्रंथी आक्रसलेली होती आणि पोटात चरबीचे थर होते. अजिंक्य यांनी ही हकीकत डॉ. निखिल धुरंधर यांच्या कानावर घातली. धुरंधर मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणारे डॉक्टर. त्यांना खटकली ती नेमकी ही चरबी. जनावर आजारी पडले की खाणे सोडते, रोडावते, त्याची हाडे वर येतात. साथीत मेलेल्या कोंबडीच्या पोटात चरबी कशी? त्यांनी निरोगी कोंबड्या घेतल्या, काहींना तो विषाणू टोचला आणि काहींना तसेच ठेवले. लागण झालेल्या कोंबड्यांच्या पोटात जास्त चरबी साठली, आणि तरीही त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड कमी भरले. अंगावर चरबी वाढली की रक्तातलीही वाढणार, या सरधोपट समजुतीच्या हे अगदी उलट होते. या विषाणूला एसएमएएम-१ हे नाव मिळाले.

कोंबडीचे माणसाला लागू पडत नाही, हे धुरंधर जाणून होते. म्हणून त्यांनी मुंबईतल्या ५२ लठ्ठ व्यक्तींचे रक्त तपासले. त्यातल्या १० जणांच्या रक्तात एसएमएएम-१ विरुद्धची प्रतिपिंडे सापडली, म्हणजे त्या विषाणूशी त्यांच्या शरीराची कधीतरी गाठ पडल्याची खूण. हे १० जण उरलेल्यांपेक्षा सरासरी १५ किलोंच्या आसपास जड होते आणि त्यांचे कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड मात्र कमी होते. कोंबड्यांत दिसले तसेच. हा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ५२ हा आकडा लहान आहे आणि त्यावरून कोणताही मोठा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. विषाणूंमुळे लठ्ठपणा येतो हे आजही सिद्ध झालेले नाही. पण गेल्या तीन-साडेतीन दशकांत जो पुरावा जमला आहे, तो नीट वाचला तर दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात, असे माझे स्पष्ट मत आहे. एक, जाड माणूस दिसला की त्याच्या जिभेला आणि आळसाला दोष देण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. दुसरी, मुंबईत सुरू झालेला हा तपास महाराष्ट्राने अर्धवट सोडून चालणार नाही. आणि तो तडीस नेण्यासाठी लागणारी सामग्री पुणे-पिंपरी-चिंचवड परिसरात आजही हाताशी आहे.

धुरंधर पुढे अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. रिचर्ड अॅटकिन्सन यांच्याबरोबर काम करू लागले. एसएमएएम-१ तिथे नेण्याची परवानगी अमेरिकी सरकारने दिली नाही. तेव्हा त्याच कुळातल्या, माणसांत आढळणाऱ्या अॅडिनोव्हायरसांपैकी ३६ क्रमांकाचा विषाणू त्यांनी निवडला. तो १९७८ मध्ये जर्मनीतल्या एका लहान मुलीच्या विष्ठेतून वेगळा केलेला होता. २००० साली कोंबड्या आणि उंदरांवरचे निष्कर्ष आले: लागण झालेल्या प्राण्यांत चरबी वाढली. २००२ मध्ये मार्मोसेट जातीच्या माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गट तीन-तीन माकडांचेच, पण लागण झालेल्यांचे वजन इतरांच्या तिपटीने वाढले आणि कोलेस्टेरॉल घटले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ५०२ व्यक्तींच्या रक्ताची तपासणी आली. लठ्ठ व्यक्तींपैकी ३० टक्क्यांच्या आणि लठ्ठ नसलेल्यांपैकी ११ टक्क्यांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे होती. त्याच अभ्यासातला एक भाग मला सर्वांत बोलका वाटतो. काही जुळ्या भावंडांत एकाला लागण होऊन गेलेली होती आणि दुसऱ्याला नव्हती. अशा जोड्यांत लागण झालेले भावंड सरासरीने जास्त वजनाचे आणि जास्त चरबीचे निघाले. जुळ्यांचे घर एक, ताट एक, आनुवंशिक ठेवणही बरीचशी सामाईक. तरीही फरक दिसत असेल, तर तो सगळा ‘सवयींचा’ म्हणून झटकून टाकता येत नाही.

हे घडते कसे, याचाही काही मागमूस लागला आहे. माणसाच्या चरबीतून काढलेल्या मूळ पेशींना प्रयोगशाळेत अॅडिनोव्हायरस-३६ ची लागण केली तेव्हा त्या भराभर चरबीच्या पेशी बनू लागल्या. या विषाणूच्या एका जनुकामुळे, ई४-ओआरएफ१ मुळे, पेशी रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही जास्त ओढून घेते. रक्तातली साखर आणि चरबी पेशीत जाऊन साठते, म्हणून शरीर जाड आणि रक्त मात्र तुलनेने स्वच्छ, असा उलगडा त्यातून होऊ शकतो. परळच्या कोंबड्यांत दिसलेले कोडे इथे सुटताना दिसते. धुरंधरांनी नंतर याच जनुकाच्या प्रथिनाचा मधुमेहाच्या उपचारासाठी काही उपयोग होईल का, या दिशेने काम वळवले. मधुमेहाने गांजलेल्या आपल्या राज्याने एवढ्यासाठी तरी या संशोधनाकडे लक्ष द्यायला हवे.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते वजनदार आहेत. अमेरिकी सैनिकांवरच्या २०१० च्या अभ्यासात १५० लठ्ठ आणि १५० सडपातळ व्यक्ती घेतल्या होत्या. त्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण लठ्ठांत ३४ टक्के आणि सडपातळांत ३९ टक्के निघाले. म्हणजे संबंधच नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या तपासणीतही संबंध दिसला नाही. याउलट त्याच वर्षी सॅन दिएगोतल्या मुलांच्या अभ्यासात लठ्ठ मुलांपैकी २२ टक्क्यांत आणि इतर मुलांपैकी ७ टक्क्यांत प्रतिपिंडे आढळली. प्रतिपिंडे शोधण्याच्या पद्धती सगळीकडे एकसारख्या नव्हत्या, हे या विसंगतीमागचे एक कारण असू शकते. पण तेवढ्यावर प्रतिकूल निकाल बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याहून मोठा आक्षेप असा की, आधी काय आणि नंतर काय, हे एकदाच घेतलेल्या रक्तावरून कळत नाही. विषाणू आला म्हणून वजन वाढले, की वाढलेल्या वजनामुळे प्रतिकारशक्ती ढासळून लागण सोपी झाली? माणसाला मुद्दाम विषाणू टोचून पाहणे कोणत्याही नीतीत बसत नाही. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पण त्यातून निघते ते एवढेच की, त्याच माणसांचे रक्त आणि वजन वर्षानुवर्षे पाहत राहणारा अभ्यास हवा. प्रश्न निकाली निघाला, असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप सामान्य वाचकाच्या ओठावर असतो: विषाणू कशाला शोधायचा, कारण तर डोळ्यांसमोर आहे. ते खरेच आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवी फाट्यावर पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणारा कामगार आठवडाभर फर्स्ट शिफ्ट करतो, पुढचा आठवडा सेकंड, मग नाईट. झोपेची वेळ बदलते, जेवणाची बदलते, भूक लागते तेव्हा समोर वडापाव आणि साखरेचा चहा असतो, आणि चाकणपर्यंतच्या कोंडीत जाणारा वेळ पायी चालण्यातून वजा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. आधीच्या फेरीत ते २०.६ आणि १८.९ टक्के होते. एवढ्या थोड्या वर्षांतली ही वाढ एकट्या विषाणूच्या माथी मारता येणार नाही, आणि तसे कोणी शहाणा माणूस म्हणतही नाही. मुद्दा वेगळा आहे. एकाच शिफ्टला, एकाच कॅन्टीनमध्ये, सारखेच जेवणारे दोघे. एकाचे पोट सुटते आणि दुसऱ्याचे नाही. खाल्लेले आणि खर्चलेले यांचा जमाखर्च शेवटी जुळतोच, पण जमा किती ठेवायची हे ठरवणारा कारकून प्रत्येक शरीरात वेगळा असतो. तो कोणाच्या सांगण्यावरून वागतो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यानेच जगाला दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची, तरी इथल्या हडकुळ्या बाळांनी त्वचेखालची चरबी राखलेली होती. गर्भात असताना आईला काय मिळाले, याचा हिशेब पुढच्या आयुष्यात चरबीच्या रूपाने निघतो. इथे विषाणूचा काहीही संबंध नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. माणूस पहिला घास खाण्याआधीच त्याच्या चरबीविषयी बरेच ठरून गेलेले असू शकते, हे एकदा पटले की एखाद्या संसर्गानेही त्यात भर घातली असेल, ही शक्यता हसण्यावारी नेता येत नाही. जठराच्या अल्सरचेही असेच झाले. तिखट खाणे आणि काळजी करण्याचा स्वभाव हीच त्याची कारणे म्हणून रुग्णांना वर्षानुवर्षे बोल लावले गेले. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो बहुतेक वेळा रागाने घेतला जातो: अशाने लोकांना आयती सबब मिळेल, कोणी व्यायाम करणार नाही. मला हे पटत नाही. क्षयाला जंतू कारण आहे हे कळल्यावर कोणी सकस आहार सोडला नाही. उलट ‘तुझ्याच अंगात खोट आहे’ हे ऐकून ऐकून लठ्ठ माणसे डॉक्टरकडे जाणे टाळतात, गुडघा दुखतो म्हणून गेले तरी वजनावरच बोलणे येईल या धास्तीने घरी बसतात, आणि साखर-रक्तदाबाचे निदान लांबते. घरात, लग्नाच्या बोलणीत, शाळेच्या वर्गात या माणसांचा जो उपमर्द होतो, त्याने आजवर कोणाचे किलोभर वजन उतरलेले नाही. २०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोवी ही औषधे भारतात आली. शरीरातल्या संप्रेरकांची नक्कल करून ती भूक कमी करतात आणि वजन उतरते. सारा प्रश्न मनोनिग्रहाचाच असता तर आठवड्यातून एका इंजेक्शनने निग्रह कसा आला असता? मात्र एक सावधगिरी हवी. उद्या कोणी ‘लठ्ठपणाच्या विषाणूची तपासणी’ पैसे घेऊन करू लागले तर तिच्या नादी लागू नये. तिचा निकाल काहीही आला तरी आज उपचारात फरक पडत नाही.

करण्यासारखे काम वेगळे आहे आणि ते इथेच होऊ शकते. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. तीच माणसे, दरवर्षी वजन, दरवर्षी रक्ताची नळी; आणि नंतर उरलेले रक्त फेकून दिले जाते. विषाणू आधी की वजन आधी, हा अडलेला वाद सोडवायला नेमकी अशीच साखळी लागते. लेखी संमती घेऊन दरवर्षीच्या नळीतले चमचाभर रक्त गोठवून ठेवले, तर पाच-सात वर्षांनी सांगता येईल की ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे नव्याने उगवली त्यांचे वजन त्यानंतर वाढले की आधीच वाढू लागले होते. सोबत कोण किती नाईट करतो, कॅन्टीनमध्ये काय खातो याची नोंद ठेवली, तर शिफ्टचा वाटा किती आणि संसर्गाचा किती, हेही वेगळे काढता येईल. १९५२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच आहे. तिचा पाषाणचा परिसर सांगवीहून नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत आहे. एसएमएएम-१ आणि अॅडिनोव्हायरस-३६ या दोन्हींच्या प्रतिपिंडांची एकाच प्रमाणित पद्धतीने तपासणी झाली, तर परदेशांतल्या उलटसुलट आकड्यांतला गोंधळही इथे टळेल. अट एकच, आणि तिच्यावर तडजोड नको: कोणाच्या रक्तात काय सापडले हे कंपनीच्या व्यवस्थापनाला कळता कामा नये. ठेकेदारी कामगारालाही या अभ्यासात घ्यावे, कारण त्याची नोकरी सर्वांत कच्ची आणि त्याच्या जेवणाची वेळ सर्वांत बेभरवशाची. महापालिका, कारखान्यांच्या संघटना आणि कामगार संघटनांनी एकत्र बसून असा प्रस्ताव विषाणू संस्थेपुढे ठेवायला हवा. पुढच्या वार्षिक तपासणीचे रक्त घेण्याआधी तो ठेवला गेला, तर पहिल्या वर्षाचे नमुने हातचे जाणार नाहीत.